घरची वाटी व पंगतीचे पातेले

खेड्यात पाककृती लिहून ठेवण्याची रीत फारशी नाही. ती तोंडी चालते. गिरणीत दळणाच्या रांगेत उभे असताना, खुरपणीची पात धरलेली असताना, किंवा बाळंतिणीला भेटावयास गेले असताना एकजण विचारते व दुसरी सांगते. सांगणारीचा हात बसलेला असल्यामुळे ती मापे सांगत नाही. “मीठ अंदाजानं घाला, पाणी बेतानं घाला,” असे तिचे सांगणे असते. चार-पाच माणसांच्या घरात हे सांगणे पुरते, कारण चूक झाली तरी ती लगेच सुधारता येते. परंतु हीच कृती हरिनाम सप्ताहाला, बारशाला, किंवा शेतावर बोलावलेल्या पन्नास पाहुण्यांना करावयाची झाली म्हणजे अंदाज फसतो. अन्न बिघडते, आणि कधी कधी माणसेही आजारी पडतात.

यासाठी या पाठात आपल्या शेतात पिकणाऱ्या धान्यांच्या काही साध्या कृती घेतल्या आहेत. प्रत्येक कृतीचे माप प्रथम पाच माणसांचे व नंतर पन्नास माणसांचे दिले आहे. भगरीविषयी मात्र अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण ते धान्य उपवासाच्या दिवशी घरोघरी व पंगतीत शिजते आणि त्यापासून धोकाही अधिक संभवतो.

मापाविषयी प्रथम

आपल्याकडील जुनी मापे सुटसुटीत होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली. परंतु एका तालुक्याचा शेर दुसऱ्या तालुक्याच्या शेराशी जुळेलच असे नव्हते. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली व हा घोटाळा बाजारात मिटला. स्वयंपाकघरात तो अद्याप आहे. एकीची वाटी आमटीची असते, दुसरीची लोणच्याची! म्हणून मंडळात कृती सांगताना वाटी कोणती ते आधी दाखवावे. या पाठात वाटी म्हणजे २०० ग्रॅम भगर जिच्यात सपाट बसते ती वाटी समजावी.

पाच जणांचे माप दहा पट केले म्हणजे पन्नास जणांचे झाले, असा पुष्कळ भगिनींचा समज असतो. धान्याच्या बाबतीत तो बहुतेक खरा आहे. पाणी, मीठ व तिखट यांच्या बाबतीत खरा नाही. एका गावच्या वर्गात वऱ्याच्या तांदळाचे मोठे पातेले उतरवले तेव्हा त्यात डाव उभा राहीना. करणारी सून रडकुंडीस येऊन म्हणाली, “मावशी, सगळं मोजून दहा पट घेतलं होतं, तरी खीर कशी झाली?” तिचे मोजणे बरोबर होते. चूक वाफेत होती. लहान पातेल्यात पाणी थोडे असते व त्या मानाने त्याचे उघडे तोंड मोठे असते, त्यामुळे पाण्याचा बराच भाग वाफ होऊन जातो. मोठ्या पातेल्यात पाणी दहा पट असले तरी तोंड दहा पट रुंद नसते. म्हणून त्या मानाने वाफ कमी जाते व पाणी आत उरते. शिवाय मोठे पातेले चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ आतल्या उष्णतेने शिजत राहते.

यावर उपाय असा की, पाणी दहा पटीऐवजी आठ ते साडेआठ पट घ्यावे व उरलेले पाणी दुसऱ्या चुलीवर उकळते ठेवावे. लागेल तसे वगराळ्याने घालावे. थंड पाणी कधीही घालू नये. त्याने दाणा दडदडीत राहतो व शिजणे थांबते. मीठ प्रथम सात-साडेसात पट घालून चव पाहावी. हिरव्या मिरचीचा तिखटपणा मोठ्या पातेल्यात अधिक उतरतो, म्हणून ती सहा पटीपेक्षा जास्त प्रथम घालू नये. पंगतीत लहान मुले व वृद्ध असतात. तिखट नंतर ठेच्याने वाढवता येते, घातलेले मात्र काढता येत नाही.

नाचणीची आंबील

नाचणीत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, इतर तृणधान्यांच्या मानाने फार आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम असते, तर गव्हात त्याच्या एक दशांशाच्या आसपास व तांदळात त्याहूनही कमी असते. वाढत्या मुलांना व अंगावर पाजणाऱ्या मातांना ही आंबील हितकर होय.

पाच जणांसाठी ७५ ग्रॅम नाचणीचे पीठ दोन वाट्या पाण्यात गुठळी न राहता कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाण्याचे आधण ठेवून त्यात हे कालवण ढवळत ढवळत ओतावे. आठ-दहा मिनिटे मंद आचेवर शिजवावे. पिठाचा कच्चा वास गेला व रंग गडद झाला म्हणजे उतरवावे. कोमट झाल्यावर दोन वाट्या ताक, मीठ, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या व जिऱ्याची पूड घालावी. ताक गरम आंबिलीत घातल्यास फुटते; घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

पन्नास जणांसाठी पीठ ७५० ग्रॅम घ्यावे व पीठ कालवण्याचे आणि आधणाचे मिळून पाणी चाळीस-बेचाळीस वाट्या घ्यावे. ताक वीस वाट्या पुरे. उन्हाळ्यात कापणी-मळणीच्या वेळी शेतावर न्यावयाची असल्यास शिजवलेली आंबील व ताक वेगवेगळ्या भांड्यांत न्यावे आणि वाढतेवेळी एकत्र करावे.

थालीपिठाची भाजणी

ही कृती घरोघर निराळी असते व प्रत्येकीला आपलीच खरी वाटते. आम्ही येथे जे प्रमाण देत आहोत ते पुष्कळ ठिकाणी करून पाहिलेले आहे. ज्वारी अर्धा किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ पाव किलो, हरभऱ्याची डाळ पाव किलो, उडीद १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम व जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस निरनिराळा भाजावा. एकत्र भाजल्यास डाळ करपते व बाजरी कच्ची राहते. निवल्यावरच दळावयास द्यावे. गरम धान्य दळले तर पिठास ओल सुटते व ते लवकर जाळे धरते. बाजरी असल्यामुळे ही भाजणी फार दिवस टिकत नाही, कडवट होते. म्हणून पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांपुरतीच करावी.

अचानक पाहुणे आले असता एवढ्या भाजणीत बाराएक माणसांचे काम भागते. भाजणीत चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट, मीठ व मोहनाचे तेल घालून कोमट पाण्याने भिजवावे आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावे. वर लोणी असल्यास अधिक काही लागत नाही.

भगर : पारख, साठवण व कृती

कोकणात व पुण्याकडे ज्याला वऱ्याचे तांदूळ म्हणतात त्यालाच नाशिक, खानदेश, मराठवाडा व विदर्भ या भागांत भगर म्हणतात. घाटमाथ्यावरील हलक्या, उताराच्या जमिनीत वरी व नाचणी ही पिके शेजारी शेजारी होतात. भगर तयार करण्याच्या गिरण्यांसाठी नाशिक प्रसिद्ध आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून या बारीक धान्यांकडे शहरांतील लोकांचेही लक्ष गेले आहे. ही गोष्ट चांगलीच होय. परंतु ज्या धान्याची मागणी वाढते त्याचा जुना साठाही बाजारात बाहेर पडतो, हे गृहिणीने विसरता कामा नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमात भगर व आमटीचा प्रसाद घेतलेल्या सुमारे २,००० लोकांना उलट्या व जुलाब झाले. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे एकादशीच्या फराळानंतर सुमारे ५०० लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा अपुरी पडल्यामुळे लोकांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. नवरात्र, महाशिवरात्र व एकादशी या दिवसांच्या आगेमागे लहानमोठ्या प्रमाणात अशा बातम्या वरचेवर येतात. प्रत्येक वेळी कारण एकच असते असे नाही. पाणी, भांडी, उरलेले अन्न यांपैकी काहीही कारण असू शकते. परंतु भगरीची बुरशी हे त्यांतील एक मुख्य व टाळता येण्याजोगे कारण आहे.

भगरीचा दाणा टरफलात असेपर्यंत चांगला टिकतो. टरफल निघाले की त्याचे संरक्षण जाते. दमट हवेत तो ओल धरतो व त्यावर अस्परजिलस वर्गातील बुरशी वाढते. ही बुरशी दाण्यात विषारी द्रव्ये तयार करते. ती अंगात गेल्यास मळमळ, उलट्या, चक्कर, डोके जड होणे, थंडी वाजणे व हातपाय थरथरणे अशी लक्षणे काही तासांतच दिसू लागतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. शिजवल्याने बुरशी मरते, परंतु तिने आधीच तयार केलेले विष उकळत्या पाण्यानेही नाहीसे होत नाही. धुण्याने त्यातील थोडा भाग जातो, सर्व जात नाही. “चांगली उकळली म्हणजे झालं,” हे आजीबाईंचे म्हणणे पाण्याच्या बाबतीत खरे आहे, बुरशीच्या बाबतीत नाही.

पिठाचा धोका दाण्याहून अधिक. पीठ झाले म्हणजे ओल शोषणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, व बुरशीचा रंगही त्यात मिसळून डोळ्यांना दिसत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या माहेरी एका आषाढी एकादशीला मागील महिन्याच्या उरलेल्या भगरीच्या पिठाच्या भाकरी केल्या होत्या. पिठाला किंचित कोंदट वास होता. पावसाळी हवा आहे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. रात्री घरातील पाचही माणसांना चक्कर येऊ लागली व धाकट्या भावाचे हात इतके थरथरू लागले की त्याला पाण्याचा पेला धरवेना. दुसऱ्या दिवशी सर्व बरे झाले, पण त्या घरात तेव्हापासून भगरीचे पीठ साठवलेले नाही.

म्हणून भगर घेताना ती सुटी घेऊ नये. बंद पुडीवर तयार करणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक व पुडी भरल्याची तारीख पाहूनच घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. अन्न व औषध प्रशासनही वेळोवेळी हीच सूचना देत असते. घरी आणल्यावर पुडी पांढऱ्या फडक्यावर ओतून उजेडात निवडावी. काळपट, हिरवट किंवा एकमेकांस चिकटून गोळा झालेले दाणे दिसल्यास, किंवा मूठभर दाणे तळहातावर चोळून हुंगले असता कोंदट वास आल्यास, तेवढेच दाणे काढून बाकीचे वापरण्याचा मोह धरू नये. सर्व टाकावे व ते कोंबड्यांना किंवा गुरांनाही घालू नये. पीठ हवे असेल तर त्याच दिवशी, लागेल तेवढेच घरी दळावे.

ज्यांच्या शेतात वरी होते त्यांनी ती टरफलासह साठवावी व सणापुरती भरडून घ्यावी. कापणी पावसात सापडली असल्यास पेंढ्या ढिगात न घालता पसरून वाळवाव्यात. मळणीनंतर दाणा दाताखाली कट्कन तुटेल इतपत उन्हे द्यावीत. कणगी किंवा डबा भिंतीला व जमिनीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावा.

आता कृती. पाच जणांसाठी दीड वाटी, म्हणजे ३०० ग्रॅम भगर निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवावी. दोन चमचे तुपात जिरे व तीन-चार हिरव्या मिरच्या परतून त्यात भगर मंद आचेवर परतावी. दाणा सुटा होऊन खमंग वास आला की साडेचार वाट्या उकळते पाणी व मीठ घालावे. पाणी आटत आले म्हणजे झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ आणावी. परतण्यात घाई केली तर भगर चिकट होते.

पन्नास जणांसाठी तीन किलो, म्हणजे पंधरा वाट्या भगर लागते. ती एकाच पातेल्यात न शिजवता दोन पातेल्यांत करावी. दोहोंत मिळून प्रथम अडतीस वाट्या आधणाचे पाणी घालावे व सहा-सात वाट्या बाजूस उकळते ठेवावे. दुसरे पातेले पहिल्यानंतर अर्ध्या तासाने चढवावे, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही गरम भगर मिळते.

दाण्याच्या आमटीसाठी पाच जणांना १५० ग्रॅम शेंगदाणे, पन्नास जणांना दीड किलो. शेंगदाण्यांनाही बुरशीचा रोग आहे. सुरकुतलेले, काळे पडलेले, कडवट लागणारे दाणे भाजण्यापूर्वी वेचून टाकावेत. चांगले दाणे भाजून, सोलून, बारीक कूट करावे. तुपात जिरे व मिरची घालून त्यावर कूट, पाच जणांना पाच-सहा वाट्या पाणी, चार-पाच आमसुले, लिंबाएवढा गूळ व मीठ घालावे आणि चांगली उकळी फुटू द्यावी. कूट तळाशी बसते व लागते, म्हणून मोठ्या पातेल्यात ढवळणारे माणूस हलू देऊ नये.

पंगत उठल्यावर

आमटीचे मोठे पातेले उतरवले की ते तासन् तास कोमट राहते. उकळीतही जगणारे काही सूक्ष्म जंतू असतात. सुमारे ६० अंशांच्या खाली उष्णता उतरली की ते झपाट्याने वाढू लागतात. म्हणून शिजल्यापासून दोन तासांत जेवणे उरकावीत, किंवा पातेले निखाऱ्यांवर वाफाळते ठेवावे. उरलेले अन्न खोल भांड्यात झाकून न ठेवता परातीत पसरून लवकर थंड करावे. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही त्यांनी ते दुसऱ्या दिवसावर न ठेवणेच बरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे प्रथम पुरुषांची, मग मुलांची पंगत बसते आणि वाढणाऱ्या बायका सर्वांत शेवटी जेवतात. तोवर आमटी चार-पाच तासांची झालेली असते. म्हणजे जिने पहाटेपासून चुलीपुढे राबून स्वयंपाक केला तिच्याच पानात सर्वांत धोक्याचे अन्न पडते. वाढणाऱ्यांची पाने आधी वाढून झाकून ठेवली तरी धोका तोच राहतो. त्याऐवजी त्यांची एक पंगत मध्येच बसवावी. वाढावयास पुरुष आहेतच.

शेतावरचा हुरडा

मार्गशीर्ष-पौषात ज्वारीचा दाणा दुधातून पिठाळ होऊ लागला की हुरड्याचे दिवस येतात. गुळभेंडीसारख्या जुन्या वाणांप्रमाणेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले उत्तरा हा हुरड्यासाठीचा वाण आहे. माळदांडी कोरडवाहू भाकरीची ज्वारी. तिचाही हुरडा होतो, पण त्याला तेवढी गोडी नाही. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्यात कणसे भाजावीत व गरम असतानाच हातावर किंवा गोणपाटावर चोळून दाणे पाखडावेत. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही व शेवटी ताक एवढे असले म्हणजे मेजवानी पुरी झाली. भाजलेला हुरडा गार होऊ देऊ नये. दहा जणांना पुरेल इतकीच कणसे एका वेळी आगटीत घालावीत. ज्या शेतात अलीकडे औषध फवारले आहे तेथील कणसे खुडू नयेत.

हुरड्यासाठी ताटे कापल्यावर बुडख्यांना जे कोवळे फुटवे येतात त्यांत विष असते. ते गुरांच्या पोटात गेल्यास जनावर तासाभरात दगावू शकते. मेजवानीच्या गडबडीत बैल त्या तुकड्यात सोडले जाणार नाहीत याची खबरदारी घ्यावी.

कोणास त्रास झाल्यास

एकाच जेवणानंतर दोन किंवा अधिक माणसांना उलट्या अथवा चक्कर सुरू झाल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नये. उरलेले अन्न लाजेपोटी ओतून टाकू नये. एक-दोन वाट्या भगर व आमटी स्वच्छ झाकणाच्या डब्यांत वेगवेगळी भरून, शक्य तर बर्फावर ठेवून, कच्च्या भगरीची पुडी व पावती यांसह डॉक्टरांच्या स्वाधीन करावी. मोठ्या पंगतीच्या दिवशी असा नमुना स्वयंपाक उतरवतानाच काढून ठेवावा व तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकू नये.